नितळ पाण्यातले विषाणू : शिंपला काय सांगतो?

या पानावर सुताचे भाव, जीएसटीची विवरणपत्रे, बँकेचे हप्ते आणि बाजारातील उधारी यांची चर्चा नेहमी होते. आज आम्ही पाण्यातील विषाणूंबद्दल लिहिणार आहोत. वाचकांना वाटेल की हा विषय आरोग्याच्या पानाचा आहे. पण पिंपरी, चिंचवड, भोसरी, तळवडे आणि चाकण या पट्ट्यात ज्यांचे शिलाईचे, फॅब्रिकेशनचे, भंगाराचे, बेकरीचे किंवा गॅरेजचे काम आहे, त्यांनी आपल्या हजेरीच्या वह्या उघडून पाहाव्यात. पावसाळ्याच्या सुरुवातीला आणि कडक उन्हाळ्यात कारागीर सर्वांत जास्त कशामुळे गैरहजर राहतात? पोट बिघडल्यामुळे आणि काविळीमुळे. कावीळ झालेला कारागीर तीन ते सहा आठवडे कामाला उभा राहू शकत नाही. ज्याची रोजी हातावर आहे त्याच्यासाठी हा काळ फार मोठा आहे आणि ज्याच्याकडे दहाच यंत्रे आहेत त्या मालकासाठीही तो लहान नाही.

आमचा धंदा कापडाचा. विज्ञानाचे आम्ही विद्वान नाही. पण पुण्यातील आणि किनाऱ्यावरील शास्त्रज्ञांनी या विषयावर जे काम केले आहे ते वाचून, समजून घेऊन सोप्या शब्दांत व्यापारी व कारागीर बंधूंपुढे ठेवावे, असे आम्हांस वाटले. या कामात समुद्रातील एक लहानसा जीव फार उपयोगी पडला आहे. तो म्हणजे शिंपला.

शिंपला जगतो कसा?

तिसऱ्या, खुबे, कालवे, शिनाणे हे सर्व दोन शिंपांचे जीव आहेत. त्यांना धावता येत नाही, शिकार करता येत नाही. ते एका जागी राहून पाणी आत ओढतात, कल्ल्यांच्या जाळीतून ते गाळतात, त्यातील सूक्ष्म वनस्पती व कण खातात आणि उरलेले पाणी बाहेर सोडतात. मोठे कालव अनुकूल परिस्थितीत दिवसाला दीडशे लिटरहून अधिक पाणी गाळू शकते. म्हणजे एका माणसाला महिनाभर पिण्यासाठी लागते त्याहून जास्त पाणी हा मुठीएवढा जीव एका दिवसात आपल्या शरीरातून फिरवतो.

पाण्यात जे असेल ते त्याच्या पोटात साठते. पाण्यात शिसे, पारा असेल तर तो साठतो. गटाराचे पाणी मिसळले असेल तर त्यातील जिवाणू आणि विषाणूही साठतात. त्यामुळे आसपासच्या पाण्यात विषाणू इतका विरळ असतो की तपासणीत सापडत नाही, तेव्हाही शिंपल्याच्या पोटात तो अनेक पटींनी अधिक मिळू शकतो. आपण बँकेत रोज थोडी थोडी रक्कम टाकतो आणि वर्षाखेरीस मोठी शिल्लक दिसते, तसाच हा प्रकार आहे. म्हणूनच पर्यावरणाचे शास्त्रज्ञ शिंपल्याला पाण्याचा पहारेकरी मानतात. अमेरिकेतील शास्त्रज्ञ एडवर्ड गोल्डबर्ग यांनी १९७५ साली किनाऱ्याचे प्रदूषण शिंपल्यांवरून मोजण्याची योजना मांडली आणि पुढे अनेक देशांनी ती स्वीकारली.

असे शिंपले आपल्या नद्यांतही आहेत. लॅमेलिडेन्स जातीचे गोड्या पाण्यातील शिंपले महाराष्ट्रातील नद्यांत व तळ्यांत सापडतात आणि प्रदूषणाचा परिणाम अभ्यासण्यासाठी आपल्या विद्यापीठांतील प्राणिशास्त्राचे अभ्यासक त्यांचा उपयोग करत आले आहेत. पाणी फार घाण झाले की शिंपला आपली शिंपे मिटून घेतो. मिटल्यावर त्याचे खाणे बंद, श्वासही जवळजवळ बंद. काही काळ तो तग धरतो, नंतर अशक्त होतो आणि मरतो. ज्या पात्रात पूर्वी शिंपले होते तेथून ते नाहीसे झाले, तर पाण्याची तब्येत बिघडली आहे असे समजावे.

दोन प्रकारचे विषाणू

येथे एक फरक ध्यानात घ्यावा. शिंपला, कालव, कोळंबी यांनाही स्वतःचे रोग असतात. आपल्या देशातील कोळंबी शेतीत १९९४-९५ च्या सुमारास पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणूरोग आला आणि पूर्व किनाऱ्यावरील अनेक शेतकऱ्यांचे तलावच्या तलाव रिकामे झाले. फ्रान्समध्ये २००८ पासून एका विषाणूने कालवांची पिल्ले मोठ्या प्रमाणात मेली. हे विषाणू माणसाला लागत नाहीत. त्यांच्यामुळे नुकसान होते ते पिकवणाऱ्याचे आणि विकणाऱ्याचे.

दुसऱ्या प्रकारचे विषाणू शिंपल्याला आजारी पाडत नाहीत, केवळ त्याच्या पोटात बसून राहतात. ते माणसाच्या शौचातून पाण्यात येतात. हिपॅटायटिस ए, हिपॅटायटिस ई, नोरोव्हायरस, रोटाव्हायरस, पोलिओ ही त्यांतील ठळक नावे. असा शिंपला दिसायला ताजा, वासाला चांगला आणि चवीला उत्तम असतो. मासळी पारखणारा कितीही अनुभवी असो, त्याला हा दोष डोळ्यांनी दिसणार नाही.

या दुसऱ्या प्रकाराची सर्वांत मोठी घटना चीनमधील शांघाय शहरात घडली. १९८८ च्या जानेवारीपासून तेथे हिपॅटायटिस ए काविळीची साथ सुरू झाली आणि दोन-तीन महिन्यांत सुमारे ३ लाख लोक आजारी पडले. शोध घेतल्यावर कारण सापडले ते शिंपल्यांचे. ज्या किनाऱ्यावरून शिंपले आले होते तेथे सांडपाणी मिसळत होते. लोक ते शिंपले उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवून, अर्धेकच्चे खात होते. दूरच्या एका किनाऱ्यावरची घाण बाजाराच्या वाटेने शहरातील लाखो घरांत पोहोचली.

मंगळूरचा धडा

आपल्याकडे या विषयावर महत्त्वाचे काम मंगळूरच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयात झाले आहे. तेथील इंद्राणी करुणासागर आणि इद्या करुणासागर यांच्या गटाने नैर्ऋत्य किनाऱ्यावरील कालवे व शिंपले गोळा करून त्यांत माणसाच्या आतड्यातील विषाणू आहेत काय, हे तपासले. २००८ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. माणसाच्या शौचातून येणारे एंटेरोव्हायरससारखे विषाणू या शिंपल्यांत सापडले.

व्यापाऱ्याने नीट वाचावी अशी गोष्ट पुढे आहे. पाणी किंवा मासळी चांगली की वाईट, हे ठरवण्यासाठी जगभर मुख्यतः कोलिफॉर्म व ई-कोलाय या जिवाणूंची मोजणी होते. हे जिवाणू कमी असले की माल पास. परंतु मंगळूरच्या अभ्यासात या नेहमीच्या जिवाणूंच्या संख्येवरून विषाणू आहे की नाही, याचा भरवशाचा अंदाज बांधता आला नाही. म्हणजे जिवाणूच्या तपासणीत पास झालेल्या मालातही विषाणू असू शकतो.

याचे कारण विषाणूच्या चिवटपणात आहे. युरोपात कालवे विकण्यापूर्वी स्वच्छ पाण्याच्या टाक्यांत ठेवून धुण्याची पद्धत आहे. ब्रिटनमध्ये त्यासाठी ४२ तासांचा नियम आहे. एवढ्या वेळात जिवाणू बहुतेक निघून जातात. नोरोव्हायरस मात्र कालवाच्या पोटातील पेशींना चिकटून बसतो आणि कित्येक आठवडे तेथे राहू शकतो. कापडावरची धूळ झटकली की जाते, पण मुरलेला डाग एका धुलाईत निघत नाही, हे आम्हां कापडवाल्यांना सांगावे लागत नाही.

पुण्यातील शोध

आता किनारा सोडून आपल्या पाण्याकडे येऊ. कारण पिंपरी-चिंचवडमधील फार थोडी माणसे रोज शिंपले खातात, पाणी मात्र सर्वच पितात. शिंपल्याने दाखवून दिलेली गोष्ट नळाच्या पाण्यालाही लागू पडते आणि ती सिद्ध करण्यात पुण्याचा मोठा वाटा आहे.

१९५५ च्या अखेरीस दिल्लीत एक विचित्र घटना घडली. पुरानंतर यमुनेचा प्रवाह बदलला आणि नजफगढ नाल्याचे सांडपाणी वजिराबाद येथील पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत मागे आले. अधिकाऱ्यांच्या हे लक्षात आले, त्यांनी तुरटी व क्लोरीनचे प्रमाण वाढवले. त्यामुळे विषमज्वर आणि आमांश यांची साथ आली नाही. सर्वांना वाटले की संकट टळले. परंतु काही आठवड्यांनी काविळीची लाट उसळली आणि सुमारे २९ हजार लोकांना उघड कावीळ झाली. त्या औषधाने जिवाणू मेले होते, विषाणू मात्र वाचला होता.

पुण्यात १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र सुरू झाले होते. १९७८ पासून त्याचे नाव राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, म्हणजेच एनआयव्ही. त्या वेळी तेथील संचालक डॉ. खोरशेद पावरी आणि त्यांचे सहकारी डॉ. एम. ए. श्रीनिवासन यांनी अमेरिकी शास्त्रज्ञांच्या मदतीने दिल्लीच्या साथीतील जपून ठेवलेले रक्ताचे नमुने तपासले. १९८० साली त्यांनी जाहीर केले की ही कावीळ ‘ए’ विषाणूची नव्हती आणि ‘बी’चीही नव्हती. त्याच सुमारास काश्मीरमधील १९७८ च्या साथीचा अभ्यास करून डॉ. मोहम्मद सुलतान खुरू हेही त्याच निष्कर्षाला आले. १९८३ साली रशियन शास्त्रज्ञ बालायान यांनी रुग्णांच्या शौचातील अंश स्वतः पिऊन हा रोग अंगावर घेतला आणि नवा विषाणू सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला. १९९० मध्ये त्याची जनुकीय ओळख पटली व त्याला हिपॅटायटिस ई हे नाव मिळाले. पुढे एनआयव्हीतच डॉ. विद्या अरणकल्ले यांनी या विषाणूचा आपल्या देशातील प्रसार अनेक वर्षे अभ्यासला.

या रोगाचा स्वभाव समजून घ्यावा. पाणी पोटात गेल्यापासून कावीळ दिसेपर्यंत दोन ते दहा आठवडे जातात, सरासरी पाच-सहा आठवडे. त्यामुळे आज आजारी पडलेला कारागीर कोणत्या पाण्याने आजारी पडला, हे त्याला आठवत नाही आणि मालकालाही समजत नाही. तोवर ते पाणी अनेकांनी प्यालेले असते. बहुतेक तरुण माणसे विश्रांतीने बरी होतात. परंतु गरोदर स्त्रीला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, हा रोग झाला तर धोका भयंकर असतो. अशा स्त्रियांत शंभरातील वीस-पंचवीसपर्यंत मृत्यू होऊ शकतात. ज्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर कुटुंब राहते आणि एकाच टाकीचे पाणी सर्व पितात, त्यांनी ही ओळ पुन्हा वाचावी.

इचलकरंजीचे यंत्रमागवाले आमच्या धंद्यातील जुने सोबती आहेत. २०१२ च्या उन्हाळ्यात त्या शहरात हिपॅटायटिस ई काविळीची मोठी साथ आली. पंचगंगेच्या प्रदूषणाचा आणि नळात मिसळणाऱ्या सांडपाण्याचा प्रश्न तेव्हा सर्व राज्यात गाजला. काही हजार लोक आजारी पडले आणि काहींचा जीव गेला. ज्या गावात माग रात्रंदिवस चालतात तेथे कामगारच अंथरुणाला खिळला तर मागावरचा ताणा तसाच पडून राहतो.

आपला पट्टा, आपले पाणी

पवना नदी पिंपरी-चिंचवडच्या मधून वाहते आणि दापोडीजवळ मुळेला मिळते. इंद्रायणी देहू, चिखली, मोशी, आळंदी या बाजूने जाते आणि तिच्या पलीकडे चाकणचा पट्टा आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले. त्यांतील ५३ महाराष्ट्रात होते, म्हणजे सर्व राज्यांत अधिक. पवना आणि इंद्रायणी या दोन्ही नद्यांची नावे त्या यादीत होती. आळंदीला इंद्रायणीवर आणि थेरगावच्या केजूबाई बंधाऱ्यावर पवनेत पांढरा फेस तरंगताना वाचकांपैकी अनेकांनी पाहिला असेल.

फेस, रंग आणि वास डोळ्यांना व नाकाला कळतात. तो कारखान्यांच्या रसायनांचा, डिटर्जंटचा आणि सांडपाण्याचा प्रश्न आहे व तो मोठाच आहे. पण कावीळ आणि जुलाब देणारे विषाणू रसायनातून येत नाहीत. ते माणसाच्या शौचातून येतात. ज्या नाल्यात न शुद्ध केलेले मैलापाणी उतरते, जेथे शौचालयाची टाकी फुटलेली आहे, तेथून ते निघतात. म्हणून ‘आमचा कारखाना रसायने सोडत नाही’ एवढे म्हणून हा विषय संपत नाही. आमच्या शौचालयाचे पाणी कोठे जाते, हा प्रश्न प्रत्येक गाळेधारकाने स्वतःला विचारला पाहिजे.

पवना धरणाचे पाणी रावेत येथे उचलून निगडीच्या केंद्रात शुद्ध केले जाते. तेथून ते चांगले निघाले तरी वाटेत काय होते? पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणीपुरवठा सुरू झाला. नळ बंद असतो तेव्हा नळीतील दाब जातो. जमिनीखाली पाण्याची नळी आणि गटाराची नळी शेजारी असतील व पाण्याच्या नळीला चीर असेल, तर बाहेरची घाण आत ओढली जाते. पाणी सुटताच ती पहिल्या लोंढ्याबरोबर आपल्या टाकीत येते. त्यात कोणी थेट नळाला मोटार जोडली असेल तर ही ओढ आणखी वाढते. शेजाऱ्याच्या मोटारीचा त्रास केवळ कमी पाण्यापुरता नसतो, तो आजाराचाही असतो.

चाकणच्या बाजूला अनेक वस्त्या, कामगारांच्या खोल्या व खानावळी टँकर आणि बोअरच्या पाण्यावर चालतात. टँकरवाल्याने पाणी कोणत्या विहिरीतून भरले, त्यात क्लोरीन होते काय, हे विचारणारे थोडे. ‘आरओचे जार’ म्हणून जे पाणी दुकानात येते त्याबद्दलही सावध राहावे. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या भागांत गुइलेन-बारे या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले. त्यांची संख्या पुढे दोनशेच्या वर गेली आणि पिंपरी-चिंचवडमध्येही रुग्ण सापडले. एनआयव्हीच्या तपासणीत काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू आणि काहींत नोरोव्हायरस मिळाला. त्या वेळी खासगी आरओ प्रकल्पांचे पाणीही तपासले गेले आणि दूषित पाणी देणाऱ्या प्रकल्पांवर पुणे महापालिकेने कारवाई केली. जारवर ‘शुद्ध’ असे छापलेले असले म्हणून आतले पाणी शुद्ध असतेच असे नाही.

कापडाने पाणी गाळावे काय?

हा प्रश्न आम्हांला दुकानात कोणी ना कोणी विचारतोच, म्हणून त्याचे उत्तर येथेच देतो. बांगलादेशात रीटा कोलवेल आणि अन्वर हक या शास्त्रज्ञांनी गावांत प्रयोग केला. जुन्या सुती साडीच्या चार किंवा अधिक घड्या करून त्यातून पाणी गाळायला स्त्रियांना शिकवले. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात अशा गावांत पटकी, म्हणजे कॉलरा, जवळजवळ निम्म्याने कमी झालेला आढळला. पटकीचा जिवाणू पाण्यातील बारीक किड्यांना चिकटून राहतो आणि किडे कापडात अडकतात. जुन्या साडीचे सूत धुऊन धुऊन फुललेले असते, त्यामुळे तिच्या घड्यांतील भोके नव्या कापडापेक्षा लहान, सुमारे २० मायक्रॉनची होतात.

विषाणूपुढे मात्र हे कापड चालत नाही. कापसाच्या एका तंतूची जाडी साधारण १५ मायक्रॉन धरली, तर काविळीचा विषाणू त्याच्या पाचशेव्या भागाएवढा आहे. कितीही घट्ट विणलेले पॉपलिन घ्या, तो आरपार जाईल. गाळल्याने पाण्यातील गाळ निघतो आणि क्लोरीनला काम करणे सोपे जाते, हा फायदा खरा. म्हणून जरूर गाळावे, पण गाळून थांबू नये.

काय करावे?

आम्ही जे वाचले आणि जाणकारांकडून समजून घेतले, त्यातून दुकान व कारखान्यासाठी पुढील गोष्टी निवडल्या आहेत.

१) पिण्याचे पाणी उकळावे. खळखळून उकळी आल्यावर एक-दोन मिनिटे ठेवले की हे विषाणू निकामी होतात. साथीच्या दिवसांत तरी यात कसूर करू नये. उकळलेले पाणी झाकून, नळ असलेल्या भांड्यात ठेवावे. त्यात पेला बुडवू नये.

२) टाकीत क्लोरीन टाकायचे असेल तर १००० लिटर स्वच्छ पाण्याला साधारण ५ ग्रॅम ताजी ब्लिचिंग पावडर, म्हणजे टीसीएल, पुरते. ती बादलीत कालवून, चुना खाली बसू द्यावा व वरचे पाणी टाकीत ओतावे. त्यानंतर किमान अर्धा तास थांबावे. क्लोरीनला वेळ द्यावा लागतो, ताबडतोब पाणी घेतले तर उपयोग नाही. गढूळ पाण्यात क्लोरीन गाळावरच खर्च होऊन जाते. ग्रामपंचायतीत जी ओटी चाचणी करतात तिची बाटली स्वस्त असते. पाणी पिवळसर झाले तर क्लोरीन शिल्लक आहे असे समजावे.

३) टाकी वर्षातून किमान दोनदा घासून धुवावी, एकदा तरी पावसाळ्यापूर्वी. जमिनीखालची टाकी आणि शौचालयाची टाकी यांत पुरेसे अंतर ठेवावे. नवा गाळा घेताना आपण वीजजोडणी व रस्ता पाहतो, तसे हेही पाहावे.

४) दिवसाआड पाणी येते तेथे पहिली काही मिनिटे नळाचे पाणी टाकीत न घेता भांडी-फरशीला वापरावे. रंग किंवा वास आला तर लगेच महापालिकेच्या पाणी विभागाला लेखी कळवावे. एकट्याने कळवण्यापेक्षा गाळेधारकांच्या संघटनेने कळवावे.

५) शौचालयाबाहेर साबण ठेवावा. नोरोव्हायरसला हातावर लावायचे सॅनिटायझर फारसे जुमानत नाही, साबण आणि वाहते पाणी जास्त कामाचे. हा विषाणू अगदी थोडे कण पोटात गेले तरी आजार देतो.

६) खानावळ, बेकरी किंवा दावतीचे जेवण करणाऱ्यांपैकी ज्याला जुलाब-उलट्या झाल्या असतील त्याने बरे वाटल्यावरही दोन दिवस अन्नाला हात लावू नये. कावीळ झालेल्याने डॉक्टर सांगतील तोवर स्वयंपाकापासून दूर राहावे. त्या दिवसांची मजुरी मालकाने कापू नये. मजुरी कापली जाईल या भीतीने माणूस आजार लपवतो आणि मग दोनशे पाहुणे आजारी पडतात.

शिंपले खाणाऱ्यांसाठी

आपल्यातील हनफी घरांत शिंपले, कालवे खाण्यात येत नाहीत. कोकणातून आलेल्या शाफई घरांत तिसऱ्यांचे सुके आणि कालवांचे कालवण आवडीने होते आणि त्यांच्यापैकी काही बंधू मासळीच्या व्यापारातही आहेत. त्यांच्यासाठी चार शब्द.

मोठ्या मासळीचे पोट साफ करून आपण ती शिजवतो. शिंपला मात्र पोटासकट खाल्ला जातो आणि विषाणू असतो तो पोटातच. बर्फात ठेवल्याने विषाणू मरत नाही, उलट टिकून राहतो. म्हणून किनाऱ्यावरून बर्फात आलेला माल ताजा असला तरी तेवढ्याने तो निर्धोक ठरत नाही. लिंबू किंवा कोकम लावून भागत नाही. शिंपला उघडला म्हणजे शिजला असेही समजू नये, कारण शिंपे बऱ्याच कमी उष्णतेवर उघडतात. आतल्या मांसापर्यंत ९० अंश सेल्सियस उष्णता दीड मिनिट पोहोचली पाहिजे, हा ब्रिटनमधील कसोटीला उतरलेला नियम आहे. घरच्या भाषेत सांगायचे तर शिंपे उघडल्यावरही कालवण चांगले उकळत ठेवावे. आपल्या आजी-माता नेहमीच तसे करत आल्या आहेत. धोका आहे तो हॉटेलात नवीन आलेल्या अर्धेकच्च्या पदार्थांत. व्यापाऱ्याने माल कोणत्या खाडीतला आहे हे विचारून घ्यावे आणि शहराचे नाले जेथे उतरतात तेथील माल विकू नये. त्याला भाव कमी असतो, पण एकदा गिऱ्हाईक आजारी पडले तर बाजारातील नाव परत मिळत नाही.

सांडपाणी आधी बोलते

विज्ञानाने आता शिंपल्यासारखेच दुसरे एक साधन हाती घेतले आहे. माणूस दवाखान्यात जाण्यापूर्वी त्याच्या शौचातून विषाणू गटारात जातो. म्हणून गटाराचे पाणी तपासले तर साथीची चाहूल आधी लागते. मुंबईतील एंटेरोव्हायरस संशोधन केंद्राने २००१ पासून सांडपाण्यात पोलिओचा विषाणू शोधण्याचे काम केले. जानेवारी २०११ नंतर देशात नैसर्गिक पोलिओचा रुग्ण सापडला नाही आणि २०१४ साली देश पोलिओमुक्त जाहीर झाला. तोपर्यंत आणि त्यानंतरही ही पाळत चालू राहिली. कोरोनाच्या काळात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील डॉ. महेश धारणे यांच्या गटाने शहरातील सांडपाण्यात कोरोना विषाणूचा माग काढला. हीच पद्धत कावीळ आणि जुलाबाच्या विषाणूंना लावता येते. आपल्या औद्योगिक वसाहतींच्या नाल्यांची अशी नियमित तपासणी व्हावी, ही मागणी लघुउद्योग संघटनांनी महापालिकेकडे व एमआयडीसीकडे करण्यासारखी आहे.

शेवटी हिशेब मांडू. समजा एका शिलाई कारखान्यात दहा कारागीर आहेत आणि त्यांतील तिघांना कावीळ झाली. प्रत्येकाचे तीस दिवस गेले तर नव्वद दिवसांचे काम बुडाले. रोजी ६०० रुपये धरली तर ५४ हजार रुपये कारागिरांच्या घरात आले नाहीत. औषधाचा खर्च वेगळा, मालकाची चुकलेली ऑर्डर वेगळी. याच्यासमोर पाणी उकळण्याचा गॅस, वर्षातून दोनदा टाकी धुणे, ब्लिचिंग पावडर आणि साबण यांचा खर्च मांडून पाहावा. आम्ही तो मांडून पाहिला आहे आणि दुकानात आता पाणी उकळूनच ठेवले जाते. पावसाळ्यापूर्वी प्रत्येक वाचकाने निदान आपली टाकी उघडून आत पाहावी, एवढीच आमची विनंती आहे.